हवेलीच्या चित्रातला कोरा कोपरा

सर गेल्याचं मला पालघरला, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत कळलं. धाकट्या बहिणीचा फोन होता. "ताई, राऊत सर गेले... सकाळीच." मी डबा झाकला, थोड्या वेळाने पुन्हा उघडून जेवले. त्याला आता दीड महिना झाला.

राऊत सर आमच्या चिंचणीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे अठराव्या शतकातल्या एका विलायती निसर्गचित्राची छापील प्रत होती. टेकडीवर खांबांची भव्य हवेली, पुढे तळं, उतरती हिरवळ. नववीच्या वर्गातल्या प्रत्येकाला ते त्यातली एकेक चौकट वाटून देत. ती मोठ्या कागदावर रंगवायची. सगळे कागद भिंतीवर जोडले की हवेली उभी राहायची. "सर, एवढ्या खिडक्या पुसतं कोण?" एका मैत्रिणीने विचारलं. "तुझ्यासारखंच कोणीतरी. खाली बघ, गवत कापतायत." ती गवत कापणारी माणसं माझ्या वाट्याला आली होती.

मी ती रंगवलीच नाही. दिवाळीनंतर आईची कंबर धरली, तिच्या जागी मी वाडीत चिकू निवडायला जाऊ लागले आणि शाळा सुटली. सर समजवायला घरी आले नाहीत. गॅदरिंगला बहिणीचा नाच बघायला बाबा गेले, तेव्हा भिंतीवर सगळी हवेली होती. फक्त डाव्या कोपऱ्यातला कागद कोरा.

"मास्तर, यवडा बंगला काडला न् ह्यो कोपरा कोरा का?"

"तो तुमच्या पोरीचा हाय."

"मंग दुसऱ्या कोनाला द्या."

"वाटून झाला. आता कोनाला देता येत नाय."

घरी येऊन बाबा आईला एवढंच म्हणाले, "सगल्या गावानं बगितला." सोमवारी मी वर्गात होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, ती त्या सोमवारमुळे.

वर्गात परतल्यावर मी ती चौकट रंगवली, पण माझं गवत बाकीच्यांपेक्षा गडद झालं. पाणी घालून जुळवायला गेले, तर सरांनी ब्रश काढून घेतला. "राहू दे. उशिरा आलीस, ते दिसू दे..."

शोकसभा त्याच वर्गात झाली. आमचं चित्र अजून भिंतीवर आहे. चित्रकलेच्या नव्या मॅडम म्हणाल्या, सरांची आठवण म्हणून ते नीट करून घेऊ, हा गडद कोपरा बाकीच्याशी जुळवून घेऊ. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून बाबा उठले.

"नाय मॅडम. त्याला हात नका लावू."