रानातला उभा नागोबा

वहिनी वारणेच्या वरच्या रानात जायचं म्हणतायत, हे जिनदत्तच्या कानावर आलं तेव्हा तो सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव ठरवत बसला होता. त्याला नवल वाटलं नाही, पण काळजी मात्र वाटली. गुणमालावहिनी एकदा म्हणाल्या की म्हणाल्या.

थोरला भाऊ गेला तेव्हा भाऊबंदांनी जमीन वाट्यानं लावा म्हणून किती समजावलं होतं. वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच औत जुंपलं. पुढं वीस वर्षं त्यांनी हळद लावली, काढली, शिजवली. धुरानं डोळे लाल व्हायचे, तरी काहिलीपासून हलायच्या नाहीत. लेकीचं, विजयमालेचं, लग्न करून दिल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, ते हे.

त्यांचे वडील रायगोंडा तरुणपणी बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून घाटाखाली मीठ आणायला जात. एकदा रानात वाट चुकले आणि एका पडक्या बस्तीपाशी, जैन देवळापाशी, पोचले. आत नागफण्याखाली पार्श्वनाथ उभे होते. पुन्हा दर्शनाला जायचं जायचं म्हणत ते तसेच गेले. आता पाऊस सरला होता. वहिनी म्हणाल्या, वडलांचं राहिलं ते मी बघून येते.

गावातल्या पंचांना हे कळलं. मूर्ती सापडली तर घेऊनच या, आपल्या बस्तीत बसवू, असं त्यांनी जिनदत्तला सांगितलं. त्यानं मोठ्या हौसेनं गाडी घेतली, जाड दोर घेतले. शिराळ्याच्या पुढं गाडीवाट संपली, तिथं त्यांना केरबा भेटला. तो फासे लावून ससे, रानकोंबड्या धरणारा माणूस. त्यानं ती जागा पाहिली होती. वहिनींनी त्याला एकच गोष्ट सांगितली, माझ्यासंगं आहेस तोवर फासे घरी ठेव. केरबा हसला, पण त्यानं फासे ठेवले.

पुढची वाट म्हणजे वाटच नव्हती. कारवीच्या झुडपांत वाकून शिरायचं, मुळ्यांना धरून चढायचं. वहिनी काष्टा खोचून, नवऱ्याच्या जुन्या वहाणा घालून पुढं चालत. ओढ्याचं पाणी फडक्यानं गाळत आणि फडक्यात राहिलेले जीव त्याच पाण्यात अलगद सोडत. डोंगराआड दिवस लवकर जाई, म्हणून उजेड आहे तोवरच भाकरी खाऊन घेत. अंगाला गोचीड चिकटली तर ती ओढून पानावर ठेवत. केरबा पहिल्या दिवशी हे गंमत म्हणून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या पायाची गोचीड काढली, वहिनींकडं पाहिलं आणि तीही पानावर ठेवली.

एका वळणावर गव्यांचा कळप आडवा आला. केरबानं कुऱ्हाड उचलली. वहिनींनी त्याचा हात धरला आणि त्या आहे तिथंच खाली बसल्या. मग दोघंही बसले. कळप निवांत चरत चरत उतारानं निघून गेला. नंतर जिनदत्तनं विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटली की भाऊजी. पाय लटपटत हुतं, म्हणून तर खाली बसावं लागलं."

बस्ती सापडली ती अशी, की आधी उंबराची मुळं दिसली आणि मुळांत भिंत दिसली. छप्पर कधीच पडलं होतं. खांब आडवे झाले होते. मधोमध कमरेएवढी मूर्ती उभी होती, पण फण्यापासून पायापर्यंत शेंदूर फासलेला, आणि समोर कोंबड्याची पिसं, वाळलेलं रक्त. जिनदत्त केरबावर संतापला. केरबानं सांगितलं, वरच्या वाडीचा हा उभा नागोबा. वाघ गुरं न्यायला लागला की वाडी ह्याला कोंबडं देते.

वहिनी मूर्तीपुढं डोळे मिटून बसल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. जिनदत्त मूर्तीला दोर बांधू लागला तेव्हा त्या म्हणाल्या, आधी वाडीत विचारू.

वाडी म्हणजे कुडाची चार घरं. तिथली जाणती बाई साळूबाई. गुरं वळून तिची पाठ वाकली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती त्यांच्याबरोबर मूर्तीपाशी आली आणि शांतपणानं म्हणाली,

"तुमचा असंल तर न्या की. आमी कोन आडवनार? पर मग आमी कुनाम्होरं बसायचं, त्येवढं सांगून जावा."

जिनदत्तला वाटलं, वहिनी आता काहीतरी समजावून सांगतील. त्या त्याच्याकडं वळून म्हणाल्या,

"दोर सोडा भाऊजी. ह्यो हितंच ऱ्हाऊ दे."

गावाला तोंड कसं दाखवायचं, असं तो चिडून म्हणाला. मी सांगेन, वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी साळूबाईकडं एक मागणं केलं, ह्याच्यापुढं रक्त सांडू नका. साळूबाई म्हणाली, हे माझ्या एकटीच्या हातात नाही, बाप्ये ऐकले तर बघते.

गावात वहिनींनी पंचांपुढं उभं राहून सांगितलं, देव सापडला, त्याच्यापुढं बसणारी माणसंही आहेत, म्हणून आणला नाही. काही घरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. बस्तीत त्यांच्याजवळ बसायला बायका कचरू लागल्या. वहिनी रोज गेल्या, आपल्या जागी बसल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्या नारळ आणि गुळाच्या ढेपा घेऊन पुन्हा रानात गेल्या. जिनदत्तही गेला, एवढ्या महिन्यांत त्याचा राग कुठं गेला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मूर्तीपुढची जागा झाडून सारवलेली होती. कोंबडं देणं थांबलं नव्हतं. वाडीनं ते खाली ओढ्याकाठच्या एका धोंड्यापुढं नेलं होतं. ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. पण साळूबाई चार बायकांना घेऊन आली होती. त्या बायका वहिनींच्या शेजारी मांडी घालून गप्प बसल्या, आणि उन्हं कलेपर्यंत कुणी उठलं नाही.

असं त्या तीन हिवाळे गेल्या. मग गुडघे धरले. त्या साली जिनदत्तच नारळ घेऊन केरबाबरोबर जाऊन आला. दारातच वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि देवाआधी साळूबाईची चौकशी केली, तिचा खोकला कसा आहे म्हणून.