उरलेला दाणा

भागीरथाबाईचं माहेर धानाचं अन् सासर मासोळीचं. जाळं विणणं तिला सासरी येऊन शिकावं लागलं, पण तांदूळ निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सूप मांडीवर घेतलं की तोंड गप्पांत अन् बोटं कामात. "भागीरथेच्या भातात खडा दाखवा अन् माह्या घरची कोंबडी न्या," असं शेजारची कलाबाई पैजेवर सांगायची. कलाबाईची कोंबडी कधी गेली नाही.

एटापल्लीच्या वाटेवर, जंगलाला लागून त्यांची वस्ती. वस्तीखालून नाला जातो, आणि त्याच्या वळणावर अर्जुनाच्या झाडांखाली सात बहिणींचा डोह आहे. त्या सातजणी पाण्यातल्या देवी. त्यांच्या डोहात कोणी पाय घालत नसे, जाळं तर दूरच. पूजेचा मान भागीरथाबाईच्या नवऱ्याकडे, इस्तारीकडे. गावाला काही नवं करायचं असलं की इस्तारी देवींना विचारी. चिमूटभर तांदूळ सुपात टाकायचे आणि दोन-दोन दाणे बाजूला सारायचे. सगळ्यांची जोडी जमली तर होकार, एक दाणा उरला तर नकार. इस्तारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून दाणे भागीरथाबाई मोजायची आणि तो नुसता ऐकायचा. तिनं सांगितलं तेच देवीनं सांगितलं, असं सगळी वस्ती धरून चालायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी दिव्यानी आली. पोरगी वरोऱ्याची, शेतकऱ्याची लेक, नागपुरात राहून नाल्यांवर संशोधन करणारी. इस्तारीच्या ओसरीलगतच्या खोलीत तिनं बिऱ्हाड केलं. दिवसभर नाल्यात वाकून दगड उलटे करायची, दगडाखालचे किडे बशीत घेऊन बघत बसायची, पाण्याची उष्णता मोजायची.

"काऊन व पोरी, किड्याईचं लगन जमवून राह्यली का?" कलाबाई काठावरून विचारी.

"किडे नाई त मासोळी नाई, मामी. मंग तुमी भाकरीसंगं का खासान?"

संध्याकाळी चुलीपाशी बसून ती भागीरथाबाईला समजावून सांगायची. पाऊस आता एकदमच कोसळतो, नाल्याची वाळू अन् दगड धुऊन नेतो, मग दडी मारून बसतो. पूर्वी शिमग्यानंतरही वाहणारा नाला आता त्याच्या आधीच तुटतो. उरलेलं पाणी तापतं आणि त्यात मासोळीचा जीव गुदमरतो. "मंग उन्हाळ्यात हे सारे जीव कुठी जातेत, तेच मले पाह्याचं हाये, बाई. डोहाखाली झरा असंल अन् पानी थंड राहत असंल, त साऱ्या नाल्याचं बियानं तिथीच जगते. पन यंत्र खाली ठेवल्याबिगर कसं सांगू?"

डोहात उतरायचं म्हणजे बहिणींना विचारणं आलं. इस्तारीनं सूप मांडलं. दिव्यानी दाराशी उभी होती, तिची पिशवी बांधून तयार होती. नकार आला तर ती दुसऱ्या नाल्यावर जाणार होती. भागीरथाबाईची एकुलती एक लेक आचल सिरोंच्याला दिली, वर्षातून एकदा येते. या पोरीनं घरात पुन्हा बोलणं आणलं होतं. मंगळवारचा उपास कशासाठी करता, दिवा दक्षिणेकडे का ठेवत नाही, असं विचारी अन् ऐकूनही घेई.

दाणे सरत गेले. शेवटी एक उरला.

भागीरथाबाईनं तो अंगठ्याच्या नखाखाली धरला. "जोडी जमली जी," ती म्हणाली.

इस्तारीनं डोहाच्या दिशेनं हात जोडले. तिनंही जोडले. दाणा नखाखालीच होता.

दिव्यानी डोहात उतरली, खडकाच्या कपारीत पाण्याची उष्णता टिपणारं बोटाएवढं यंत्र बांधून वर आली. तिला ताप आला नाही, ठेचही लागली नाही. बहिणींनी पोटात घातलं, असं भागीरथाबाईनं मनाला समजावलं. तरी मंगळवारच्या जोडीला तिनं शुक्रवारही धरला. "आता काऊन?" इस्तारीनं विचारलं, तर म्हणाली, "आचलसाठी." हे दुसरं खोटं. दिवा लावताना पूर्वी ती सातही नावं घ्यायची. आता पहिल्या नावाशीच जीभ अडायची.

त्या उन्हाळ्यात दिव्यानीनं यंत्र वर काढून आकडे बघितले आणि ते परत कपारीत बांधलं; कळलं ते तिला वाटलं होतं तसंच. बाहेरचं पाणी हात पोळेल इतकं तापलं तेव्हाही डोह थंड होता. काठावरून बघावं तर मरळ, वाम, बारीक पिलांचे थवे, सगळे तिथं गोळा झालेले. आनंदाच्या भरात दिव्यानीनं सगळ्या गावाला बोलावून ते दाखवलं.

यंदा नाला आणखी लवकर तुटला. मासोळीवाचून घरं बसली. दिव्यानी कामासाठी नागपूरला गेली असताना वस्तीतल्या पोचूनं पाणी उपसायचं इंजिन आणून डोहावर लावलं. पोचू काही वाईट माणूस नव्हता. "शिकलेली बाई उतरली, तिले का झालं?" एवढंच तो म्हणाला. "बहिणीईनंच त परवानगी देल्ली. इस्तारीभाऊच्या घरून आलता होकार." याचं उत्तर भागीरथाबाईजवळ होतं. ती ओटा सारवत राहिली.

दिवसभर इंजिन धडधडलं. टोपल्या भरल्या. डिझेल संपलं तेव्हा मोठ्या खडकाखाली थोडं पाणी शिल्लक होतं, ते उद्या.

त्याच संध्याकाळी दिव्यानी परतली. चिखलात बोटभर पिलं मरून पडली होती, कोणाच्या कामाची नाहीत म्हणून टाकलेली. ती पिशवीसकट काठावर बसली.

"माह्यामुळंच झालं, बाई," ती म्हणाली. "मीच उतरली. सारी मासोळी इथीच हाये म्हनून मीच सांगतलं. मी आलीच नसती त बरं झालं असतं."

भागीरथाबाईनं तिच्या पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला. आपलं पाप ही पोर डोक्यावर घेऊन जाणार, आणि आपण तिला डब्यात भाकरी बांधून देणार, हे तिला दिसलं. उठून ती थेट पोचूच्या अंगणात गेली. तिथं पुरुष बसले होते, इस्तारीही होता. उद्याच्या डिझेलचं बोलणं चाललं होतं.

"इंजिन परत ने, पोचू. बहिणीईनं होकार देल्लाच नवता."

"मंग तुमी जोडी जमली काऊन म्हनलं, बाई?"

"एक दाना उरला होता. म्या नखाखाली दाबला. पोट्टी जाईन म्हनून दाबला."

मग कलाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "अवो माय. भातातला खडा सापडते तुले, अन् पोटातला नाई सापडला?"

भागीरथाबाई मान खाली घालून उभी राहिली. पोचूनं तोंडातली तंबाखू थुंकली आणि डोहाच्या दिशेनं बघितलं. "म्हंजे आमी देवीचा डोह उपसला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी इंजिन बैलगाडीवर चढलं. डोहात आता कोणीच उतरायचं नाही, असं ठरलं. पूजेचा मान इस्तारीकडेच राहिला, पण भागीरथेनं पूजेच्या तांदळाला हात लावायचा नाही, हेही ठरलं. घरी तिनं भात वाढायला घेतला की इस्तारी ताटावर आडवा हात धरी; तिच्या हातचा भात खात नसे.

पोळ्याच्या सुमारास डोह भरला. दिव्यानी सामान न्यायला आली. तिचं यंत्र अजून कपारीतच होतं, एका वर्षाची मोजणी त्यात. "इस्तारीभाऊ, एकडाव इचारून पाह्यता का? फकत काढाले उतरीन," ती म्हणाली. तिचा आवाज मागण्याचा होता, हक्काचा नव्हता.

इस्तारीनं सूप पुढ्यात घेतलं. आता तो स्वतःच बोटांनी चाचपून मोजी. भागीरथाबाई चुलीपाशी, लांब. दाणे सरत होते, धुरकट डोळे छताकडे. शेवटी सुपात बोटं फिरवून तो म्हणाला, "जमली वाटते जोडी."

दिव्यानीनं श्वास सोडला. भागीरथाबाईला मात्र दिसत होतं. सुपाच्या काठावरून घरंगळलेला एक दाणा इस्तारीच्या गुडघ्यापाशी, सारवलेल्या भुईवर पांढरा पडला होता. पोरीचं वर्षभराचं काम पाण्याखाली होतं. बोलायची तिला मनाई नव्हती. बोलावं असं तोंडही राहिलं नव्हतं.

"एक उरला जी," ती म्हणाली. "तुमच्या गुडघ्यापाशी."

इस्तारीनं भुईवर हात फिरवला. दाणा सापडला, बोटांत धरून त्यानं तो सुपात टाकला. दिव्यानीनं काढून ठेवलेली दोरी गुंडाळली आणि पिशवीत घातली. रागानं नाही.

त्या रात्री इस्तारीनं ताटावर हात धरला नाही.