बारावा वीरगळ

"दगुड खोटं बोलत न्हाय. बोलतो त्यो मानूस," असं इमाम टाकीवाला म्हणायचा. जात्याला टाकी लावताना म्हणायचा, चहाच्या गाड्यावर म्हणायचा. एका लग्नात भातात खडा लागला, दात हलला, तरी दात चाचपत तेच म्हणाला. आम्हाला वाटायचं, पाथरवटाच्या तोंडाला बसलेलं वाक्य आहे. ते त्याला आतून किती वर्षं टोचत होतं, हे कळायला आम्हाला फार उशीर झाला.

कुरुंदवाडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आमचं उमळगाव. समुद्र आमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला नाही. पण काही वर्षं गेली की नदीच समुद्र होऊन दारात येते. गावात दोन गल्ल्या, वरली आणि खालची. मधे दगडी कमानीची वेस. दोन हजार एकोणीसचा महापूर ओसरला तेव्हा घाटाच्या पायऱ्यांनी जागा सोडल्या होत्या. ज्या दगडांवर आमच्या आयांनी जन्मभर धुणी आपटली, ते अकरा दगड पाण्यानं पालथे केले. पालथे झाल्यावर त्यांच्या पोटाकडून माणसं निघाली. तलवारी उगारलेली, भाल्यावर चढलेली, मुंडकी तुटलेली माणसं. लढाईत पडलेल्यांसाठी पूर्वी उभे करत ते हे वीरगळ.

त्यातून आमचं इतिहास मंडळ सुरू झालं. हायस्कूलचे उदयसिंह गुरुजी, इमाम, मी आणि आणखी तिघं. आम्हाला कुणी नेमलं नव्हतं. ट्रॅक्टरला दोर लावून दगड ओढले, वेशीजवळच्या पिंपळाखाली ओळीनं उभे केले. प्रत्येक दगडापुढं पत्र्याची पाटी लावायची आणि दगडावर काय आहे ते साध्या शब्दांत लिहायचं, असं ठरलं. गुरुजी लिहायचे, पण वाचायचा इमाम. डोळे मिटून तो दगडावर बोटं फिरवायचा.

"ह्येच्या पोटात भाला गेलाय. पर हात बगा, गाईच्या दाव्यावरनं सुटला न्हाय. गुरं सोडवाय गेलता." मग पुढचा दगड. "ह्यो मागं बघतोय. म्हंजी पळताना मेला."

"पळपुट्याचा दगड कोण बसवील, चाचा?" गुरुजी विचारायचे.

"घरच्यांनी बसिवला असंल. घरच्यांना त्यो पायजे हुता की."

प्रत्येक वीरगळाची चाल एकच. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत मेलेल्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर स्वर्ग, पिंडीपुढं हात जोडून बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. अकरा दगडांच्या अकरा पाट्या व्हायला चार-पाच वर्षं गेली. यंदाच्या चैत्रात गुरुजी म्हणाले, "चला, आता बारावा."

बारावा दगड पुरात सापडलेला नव्हता. तो चाळीस वर्षं वेशीच्या उजव्या अंगाला उभाच होता. वरल्या गल्लीच्या गणपतरावांचा. त्यांची बायको धोंडुबाई दर अवसेला त्याला तेल घालायची. दगडावर गणपतराव घोड्यावर बसलेले, समोर दहा हत्यारबंद माणसं, आणि कोपऱ्यात बैलाच्या खुराखाली चिरडलेला एक बारका माणूस. गणपतराव आयुष्यात घोड्यावर बसले नव्हते, पण ते आम्ही कुणी बोलत नव्हतो.

इमामनं त्या दगडाला बोट लावलं नाही. उभाच राहिला.

"सांगा की चाचा," मी म्हणालो.

"ह्येची पाटी लिवू नगा. ह्यो दगुड लबाड हाय."

"तुम्हीच म्हणता, दगड खोटं बोलत नाही."

"म्हणूनच म्हनतो. ह्यो दगुड बोलत न्हाय. मी बोलतोय त्यात. ह्यो म्या घडीवलाय." मग तो पिंपळाच्या पाराला टेकला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा बेंदूर त्यानं एका दमात सांगितला.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, वेशीत कर बांधतात. काथ्याचा जाड दोर, त्याला पिंपळाची पानं. बैल पळत येऊन तो तोडतात. ज्या गल्लीचा बैल तोडील, ती गल्ली वर्षभर मिशीला पीळ देते. दोराचं एक टोक कमानीच्या कडीला असायचं आणि दुसरं गुंडू नावाड्याच्या हातात. गुंडू कुठल्याच गल्लीचा नव्हता. त्याचं घर घाटाच्या पायरीवर होतं, आणि त्याची नाव दोन्ही गल्ल्यांना पैलतीरी न्यायची. म्हणून दोर त्याच्या हातात.

चौऱ्याऐंशी साली दोन्ही गल्ल्यांचे बैल एकदम सुटले. मागं काठ्या, कोयते, भाल्याची पाती. वेशीत अंगाला अंग लागलं असतं तर पन्नास मुडदे पडले असते. गुंडूनं दोर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. बैल खालून निघून गेले. कर तुटलाच नाही. मान कुणालाच मिळाला नाही.

गणपतराव कुऱ्हाड घेऊन पुढं आले. म्हणाले, "कुणाचा हायस रं तू?"

गुंडू म्हणाला, "दोराचा हाय, मालक."

पहिला घाव मान आणि खांदा यांच्या मधे बसला. कुऱ्हाड अडकली. गणपतरावांनी पाय लावून ती सोडवली आणि दुसरा घाव जबड्यावर घातला. गुंडू खाली बसला, हळूच, दमलेला माणूस बसतो तसा. दोर त्याच्या मुठीत तसाच ताठ होता. मग खालची गल्ली गणपतरावांवर पडली. काठ्या मोडल्या तेव्हा दगड घेतले. बायकांनी नंतर त्यांना ओळखलं ते हातातल्या कड्यावरून.

इमाम तेव्हा वीस वर्षांचा. कमानीवर चढून पानं बांधत होता. गुंडूचं रक्त त्यानं वरून पाहिलं. पानांवर उडालेलं, दोरावरून थेंब थेंब घसरत जाणारं.

कोर्टात साठ माणसं साक्षीला उभी राहिली आणि साठांच्याही डोळ्यांत त्या दिवशी नेमकी धूळ गेली होती. इमामच्याही. खटला विझला. वरल्या गल्लीनं गोष्ट केली की गणपतराव एकटे दहांशी लढले आणि गुंडू बैलांच्या पायाखाली गेला. खालच्या गल्लीला ती सोयीची होती, कारण तिच्यात खून करणारं कुणी एक नव्हतं. वर्षानं वरल्या गल्लीची दहा माणसं इमामच्या दारात आली. देवळापुढं असतो तशा जुन्या वीरगळासारखा दगड कर, म्हणाली. घरात चार बहिणी लग्नाच्या. इमामनं छिन्नी उचलली. गुंडूची बायको पोरीला घेऊन मुरगूडला भावाकडं गेली, ती परत आली नाही. नाव घाटावरच कुजली.

"चाळीस वर्सं मी त्या खुराखालच्या मानसाकडं बघत न्हाय," इमाम म्हणाला. "लिवायचीच तर पाटी मी सांगतो तशी लिवा. न्हायतर मंडळातनं माजं नाव काडा."

गुरुजींनी वही उघडली आणि मिटली. गावात गोष्ट पोचायला वही लागत नाही. संध्याकाळच्या आत गणपतरावांचा नातू राजवर्धन चौघांना घेऊन इमामच्या अंगणात आला. तगडा गडी, तालमीतला. लहानपणी इमामच्या सायकलवर बसून गावभर हिंडलेला.

"चाचा, हात ठेवा," त्यानं समोरच्या जात्याच्या तळीकडं बोट केलं.

"कुठला?"

"घडीवणारा."

इमामनं उजवा हात ठेवला. चौघांनी धरला, धरायची गरज नव्हती. राजवर्धननं इमामचाच हातोडा उचलला. तीन घाव घातले. पहिल्यात बोटं गेली, दुसऱ्यात तळव्याची हाडं, तिसरा मनगटावर. शेजारची अफसाना पाणी भरत होती. ती सांगते, आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा आला आणि चाचा ओरडला नाही, फक्त त्याच्या नाकातून शिट्टीसारखा वारा गेला.

आम्ही दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसलो होतो. मी म्हणालो, "फिर्याद देऊ."

"चाळीस वर्सांमागं एक साक्ष द्यायची हुती, ती दिली न्हाय. ती आदी देतो. मग ह्येची बघू."

"पाटी लिहू आम्ही," गुरुजी म्हणाले.

"पत्र्याची पाटी रातीत निघंल, गुरुजी. दगडावरचं दगडावर पुसाय लागतं."

प्लास्टर निघालं तेव्हा उजवा हात वाळलेल्या आल्यासारखा दिसत होता. त्यात छिन्नी नुसती अडकवता यायची, म्हणून तो ती सुतळीनं बांधून घ्यायचा आणि हातोडा डाव्या हातात. अंगणातल्या मोडक्या जात्यावर महिनाभर सराव केला. घाव चुकला की बांधलेल्या बोटांवर बसायचा. जातं लाल व्हायचं. तो धुऊन पुन्हा बसायचा.

बेंदराला बारा दिवस राहिले असताना एका सकाळी तो गणपतरावांच्या दगडापुढं मांडी घालून बसला. दगडाच्या पायथ्याला वीतभर कोरी जागा होती. तिथं त्यानं पहिला घाव घातला. गल्ल्या दारात आल्या. कुणी जवळ आलं नाही. आम्ही मंडळाचे पाचही जण त्याच्या मागं उभे राहिलो. गुरुजीही उभे राहिले, हे लिहून ठेवलं पाहिजे.

राजवर्धन पहार घेऊन आला. "एक हात ऱ्हायलाय चाचा. त्यो पण ठेवणार?"

"घे की. पर संध्याकाळी ये. तवर एवडं हुतंय."

राजवर्धननं पहार उचलली. तेवढ्यात वरल्या गल्लीतून धोंडुबाई आली. सत्तरी ओलांडलेली, काठी टेकत, बगलेत घोंगडं. तिनं ते इमामच्या आणि नातवाच्या मधे अंथरलं आणि दगडाला पाठ लावून बसली.

"आजी, उठ. घराण्याची अब्रू चाललीया."

"नवरा माजा. दगुड माज्या नवऱ्याचा. त्यावर काय घडवायचं ते तू सांगनार?" ती म्हणाली. मग गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. "त्या दिशी ह्यो काठी घिऊन निगाला हुता. म्या दारातनं परत बोलीवला. कुऱ्हाड म्या दिली हातात. मान घालवून घरात येऊ नगा, म्हनलं. त्यो आलाच न्हाय."

इमामचा हातोडा थांबला होता.

"चाळीस वर्सं तेल घालतीया," ती म्हणाली. "त्येला न्हवं. त्या खुराखालच्याला. इमाम, तू घडीव."

"वैनी, थोडं सरा. ठिणगी उडंल."

ती सरली, उठली मात्र नाही. राजवर्धनच्या मानेच्या शिरा फुगल्या. आजीला मारता येईना, आजीपुढं चाचाला मारता येईना. त्यानं पहार घुमवली आणि दगडाच्या माथ्यावर घातली. पुन्हा घातली. चंद्र-सूर्य, पिंड, हात जोडून बसलेले गणपतराव, सगळा स्वर्ग तुटून मातीत पडला. एक कपची इमामच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं.

इमामनं बाहीनं डोळा पुसला. "वरचं पाडलंस ते बरं केलंस पोरा. माज्या ह्या हातानं झालं नसतं."

राजवर्धन पहार तिथंच टाकून गेला. वरल्या गल्लीतलं कुणी त्याच्यामागं गेलं नाही, आणि कुणी आमच्याकडंही आलं नाही.

बारा दिवसांत ते घडलं. डाव्या हाताचं काम, ओबडधोबड. एक माणूस खाली बसलेला, हत्यार नाही, दोन्ही हातांत दोर. मानेत कुऱ्हाड, आणि कुऱ्हाडीच्या दांड्यावर कडं घातलेला एक हात. बाकी माणूस दाखवलेला नाही. कडं सगळ्यांना ओळखू येतं. शेवटच्या दिवशी धोंडुबाईनं त्यावर तेल घातलं. गुरुजींनी पाटी लिहिली: "गुंडू नावाडी. कुणाच्याच बाजूचा नव्हता. दोर धरून होता. त्याला मारलं."

चौऱ्याऐंशीनंतर कराच्या दोराची दोन्ही टोकं कमानीच्या कड्यांनाच बांधत होते. यंदा इमामनं एक टोक सोडलं, डाव्या कोपराभोवती गुंडाळलं आणि गुंडूच्या जागी उभा राहिला. हलगी वाजत होती. वरल्या गल्लीचा बैल राजवर्धनच्या हातात. त्यानं इमामला पाहिलं, कासरा ढिला केला आणि बैल पळवला. दोर ताणला. इमाम हलला नाही. बैलाच्या छातीनं दोर तुटला तसा तो तोंडावर आपटला आणि दोन हात फरफटला. कोपराचं कातडं सोलून निघालं. बैल त्याच्या अंगावरून न जाता कडेनं गेला. राजवर्धननं त्याला वळवला की बैलच वळला, यावर गावात अजून वाद आहे.

इमाम उठला. टोपी झटकली. तुटलेल्या दोराचं टोक त्यानं बाराव्या दगडाच्या पायाशी ठेवलं.

"चाचा, बसा, जखम धुऊ," मी म्हणालो.

"फौजदाराकडं जाऊन येतो. एक साक्ष झाली. आता हाताची ऱ्हायली." असं म्हणून तो वेशीतून बाहेर पडला, घाटाच्या अंगानं, पुलाच्या दिशेनं. सोललेला हात अंगापासून जरा दूर धरून, सावकाश. राजवर्धन बैलाचा कासरा धरून वाटेतच उभा होता. त्यानं इमामला जाऊ दिलं.

गल्लीत गुलाल उडत होता. फक्त धोंडुबाईनं गुलालाकडं पाठ केली होती. डोळ्यांवर हाताची सावली धरून ती दगडाला टेकून उभी राहिली, आणि इमाम पुलाच्या पलीकडं उसात दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.