अर्ध्या गाड्यांतले तावीज

अम्मी ओहोटीला खाडीत उतरायची, खडकांना चिकटलेली कालवं फोडायची आणि दुपारी वाटे लावून विकायची. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. तिच्या बोटांना चिंधी बांधलेली नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव, दोन खोल्या, वर पत्रा, आणि अब्बा शारजात. गावातल्या निम्म्या घरांतले बाप आखातातच होते. कुणी स्लॅब टाकला, कुणी दाराला टाइल्स लावल्या. आमच्या अब्बांना त्यातलं काही जमलं नाही. ते चौथी शिकलेले. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात जुन्या गाड्या खोलायचं काम करायचे आणि दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी घरी यायचे. मी आठ-दहा वर्षांची होईपर्यंत त्यांना पाहुणाच समजत होते. ते आले की मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी राहायचे, आणि अम्मी तोंडाला पदर लावून हसायची.

अम्मीने मला कधी खाडीत उतरू दिलं नाही. हात खराब झाले तर पेन कसं धरशील, म्हणायची. मी तालुक्याच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.कॉम. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुढे दुबईतल्या अल कुसैसला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात नोकरी लागली. शारजाला लागून असलेल्या अजमानला भाड्याने फ्लॅट घेतला, अम्मीला बोलावून घेतलं, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अब्बा पहिल्यांदा बायको-मुलीबरोबर रोज एका छपराखाली झोपायला लागले. लेबर कॅम्पातल्या खोलीतून त्यांनी दोन पिशव्या आणल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा.

त्या डब्यात तावीज होते. आपल्याकडच्यासारखे नाहीत. बोटाएवढ्या रेशमी पिशव्या, वर दोरीची गाठ, आणि कापडावर विणलेली जपानी अक्षरं. अब्बांच्या यार्डात जपानहून कंटेनर यायचे. उजव्या स्टिअरिंगच्या त्या गाड्या इथल्या रस्त्यावर चालवता येत नाहीत. बऱ्याचशा अर्ध्या कापूनच येतात, इंजिनसकट पुढचा भाग तेवढा. त्याला हाफ-कट म्हणतात. अब्बा ते खोलायचे, एकेका भागाला नंबर लावायचे आणि फळीवर ठेवायचे. काही गाड्यांच्या आरशाला किंवा समोरच्या कप्प्यात ही पिशवी असायची. जपानी माणूस नवी गाडी घेतली की देवळातून आणून बांधतो, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून.

पहिला तावीज त्यांना मिळाला तो काच फुटलेल्या गाडीत. स्टिअरिंग आत दबलेलं होतं. फोरमन म्हणाला, फेक. अब्बांनी तो खिशात टाकला. मग दुसरा, मग तिसरा. फोरमन पेशावरकडचा, हसून हसून बेजार व्हायचा. "चाचा, ये तेरा जपानी पीर है क्या? यल्ला, हमारे लिए भी दुआ माँगो, गाड़ी जल्दी खुले." खोलीतल्या एका नमाजी माणसाने मात्र त्यांना गंभीरपणे बजावलं, की दुसऱ्यांच्या देवाचं हे असं जवळ ठेवणं बरोबर नाही. अब्बांनी त्याला दिलेलं उत्तर त्यांनी मला पुढे दोन-तीनदा ऐकवलं. "मी पूजतो कुठं? मी सांभाळतो. कुणाची अमानत आपल्या हाती लागली तर मालकाला पोचवायची, हे आपल्यातच सांगितलंय ना?"

आमच्या गावात तावीज जुना झाला की खाडीच्या वाहत्या पाण्यात सोडतात. अब्बाही ते शारजाच्या समुद्रात सोडणार होते. पण एकदा गाड्या पाठवणारा जपानी व्यापारी यार्डात आला, तेव्हा अब्बांनी त्याला डबा उघडून दाखवला. त्या माणसाने एक पिशवी दोन्ही हातांत घेतली, मान लववली, आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे पाण्यात सोडत नाहीत. देवळात परत देतात, तिथे मंत्र म्हणून जाळतात. त्यानेच सांगितलं की वरची ही पिशवी ओसाकाच्या दक्षिणेला डोंगरावर देवळांचं एक गाव आहे, तिथली आहे. झालं. अब्बांच्या डोक्यात ते गाव बसलं ते बसलंच.

मी त्यांना फ्लॅटवर आणलं तोवर एकतीस जमले होते. अम्मी म्हणायची, "घरात पाय ठेवायला जागा नाय, आणि ह्यांचे जपानी पाहुणे कपाटात." अब्बा गालातल्या गालात हसायचे आणि मला विचारायचे, "कधी जायचं, बाय?"

"पुढच्या वर्षी, अब्बा. प्रमोशन होऊ दे."

हे मी तीन वर्षं म्हटलं. तिन्ही वेळा खोटं नव्हतं. ऑफिसात माझ्या मागून आलेल्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुली पुढे जात होत्या, आणि खाडीकाठची पोर असून मी त्यांच्या बरोबरीने बसते हे मला दाखवायचं होतं. सुट्टी मागायला जीभ रेटायची नाही. शिकल्याचा हा एक तोटा कुणी सांगत नाही. शिकलेल्या माणसाला वाटतं, आपल्या हातात वेळ पुष्कळ आहे.

प्रमोशन झालं त्याच थंडीत अब्बांना जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी स्क्रीनवर त्यांची फुप्फुसं दाखवली. आयुष्यभराची धूळ आणि धूर, फुप्फुसं कडक होत चाललीत, ती मऊ होणार नाहीत. ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. मी जपानचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, विमानाचं नावही काढू नका. अब्बा शेजारीच बसले होते. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर त्यांनी आधी श्वास घेतला, मग म्हणाले, "तू जा. मी हितून बघतो."

म्हणून मी गेले, एकटी. टूर घेतली नाही. रोज मी लोकांचे कंटेनर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवते, तसाच मी माझा मार्ग कागदावर उतरवला. कुठली गाडी, किती वाजता, कुठे बदलायची. कागदाची एक प्रत अब्बांच्या मांडीवर. जपान पाच तास पुढे, म्हणून मी प्रत्येक वेळेपुढे अजमानची वेळ लिहिली. त्यांनी पेन्सिल मागून घेतली. मी एकेक टप्पा पार केला की मेसेज करायचा आणि ते खूण करणार, असं ठरलं.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनावरून सकाळची गाडी पकडली. पहिला तास शहर सुटता सुटेना. मधे एका स्टेशनावर गाडी बदलली. दुसरी गाडी दोनच डब्यांची, आणि ती डोंगरात शिरली तशी रांगत चालायला लागली. एका बाजूला खोल दरी, दुसरीकडे देवदाराची सरळसोट झाडं, मधेच बोगदा. लहान लहान स्टेशनं, उतरणारं कुणी नाही. डब्यात काठी घेतलेल्या म्हाताऱ्या, त्यांचे म्हातारे. समोरच्या आजोबांनी आजीला बाटलीचं झाकण उघडून दिलं, तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या शेजारची सीट अब्बांची होती. माझ्या पर्समध्ये त्यांच्याऐवजी बिस्किटांचा डबा होता.

शेवटच्या स्टेशनावरून दोरीने ओढली जाणारी केबल कार. बाकं जिन्यासारखी, एकाच्या वर एक. पाच मिनिटांत तिने आम्हाला उभ्या चढावर वर नेऊन सोडलं. कानांना दडे बसले. तिथून गावात चालत जायला परवानगी नाही, बसच घ्यावी लागते. बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागे उभी राहिले, आणि आरशाजवळ लटकलेली पिशवी पाहिली. लाल, सोनेरी दोरी, वळणावर झुलणारी. अब्बांनी हजारो गाड्या खोलल्या, पण त्यांच्यातली एकही तिच्या मुलखातल्या रस्त्यावर धावताना त्यांनी पाहिली नाही. मी फोटो पाठवला. उत्तर अम्मीच्या फोनवरून आलं. लिहिलं होतं, अब्बा विचारतात बस कुठल्या कंपनीची, इंजिन मागे का पुढे.

देवळाच्या आवारात तावीज विकतात त्या खिडकीपाशीच जुने परत घेतात. आत पन्नाशीतली एक बाई होती. फोनवर मी मराठीत बोलायचे, तो जपानीत लिहून दाखवायचा. शारजा, गाड्या, माझे वडील, सगळं सांगितलं. तिने डबा दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि एकेक पिशवी काढून ट्रेमध्ये मांडायला लागली. मांडता मांडता दोन भाग करायला लागली. डावीकडे थोडे, उजवीकडे जास्त. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिने लिहून दाखवलं. डावीकडचे नऊ या डोंगरावरचे आहेत, ते घेते. उजवीकडचे बावीस इथले नाहीत, बरेचसे तर वेगळ्याच पंथाच्या देवस्थानांचे आहेत. ज्याचे त्याच्याकडेच जायला हवेत. क्षमा करा.

मी बी.कॉम. पहिला वर्ग. कंटेनरवरचा पत्ता तीन-तीनदा तपासणारी. आणि पिशव्यांवर पत्ते विणलेले असताना मी एकही वाचून घेतला नव्हता. एका व्यापाऱ्याने एका पिशवीकडे बोट दाखवलं होतं, आणि आम्ही बाप-लेकीने जपानचा सगळा देव एका डोंगरावर बसवून टाकला होता. फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरला की भाषांतर होतं. पाच मिनिटांचं काम, पण तीन वर्षांत माझ्या मनातही आलं नाही.

बाईने आणखी एक विचारलं. ह्या गाड्यांतली माणसं बरी आहेत का? मी लिहिलं, माहीत नाही. तिने मान लववली आणि नऊ पिशव्या आत नेल्या.

मी आवारातल्या बाकावर बसले. तिथे दुपारचे दोन, अजमानला सकाळचे नऊ. अब्बा कागद घेऊन बसलेले असणार. सगळे घेतले, असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? अम्मी तेच म्हणाली असती, आजारी माणसाला कशाला सांगायचं. मी आयुष्यात तोंडावर बोलायला घाबरले नाही, पण त्या बाकावर पाच-दहा मिनिटं फोन हातात धरून बसले.

मग व्हिडिओ लावला. अब्बांच्या नाकाला नळी, मागे मशीनचा आवाज. मी सरळ सांगितलं. नऊ घेतले. बावीस दुसरीकडचे निघाले. चूक माझी आहे.

अब्बांनी नाकाची नळी नीट केली. मला वाटलं, दम लागला. मग म्हणाले, "बरोबर हाय की. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला कसा लागंल?"

मी रडत होते.

"बाकीच्यांचे नंबर घेतलेस?"

"कसले नंबर, अब्बा?"

"अगो, कुठल्या देवळाचे ते. पत्ते. बाईला विचार. ती जाग्यावर हाय तोवर विचारून घे, जा."

मी परत खिडकीशी गेले. बाईने तक्रार न करता अर्धा तास घालवला. प्रत्येक पिशवी वाचून छोट्या कागदावर देवस्थानाचं नाव आणि प्रांत लिहिला, कागद पिशवीला दोऱ्याने बांधला. दोन पिशव्यांची अक्षरं उन्हाने उडाली होती. त्यांच्या कागदांवर तिने काही लिहिलं नाही. अब्बांच्या फळीवर असायच्या तशा बावीस चिठ्ठ्या लटकायला लागल्या, आणि मी बस, केबल कार, दोन गाड्या असा तोच रस्ता उलटा धरला.

घरी आल्यावर अब्बांनी सगळ्या चिठ्ठ्या हातात घेऊन पाहिल्या. एक अक्षर कळत नव्हतं, तरी एकेक सरळ करून पाहिली. मार्गाच्या कागदावर त्यांनी येण्याच्या टप्प्यांवरही खुणा केल्या होत्या, तसं करायला मी सांगितलंच नव्हतं. त्यांना विचारलं, डोंगर कसा होता ते सांगू का? म्हणाले, उद्या सांग, आज दमलो. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. तिसऱ्या दिवशीही. सांगायचं राहिलं. साडेतीन आठवड्यांनी, जुम्म्याच्या सकाळी, अम्मी चहा गाळत असताना ते गेले. त्यांना गावी नेलं. खाडीच्या वरच्या अंगाला आमचं कब्रस्तान आहे, तिथे दफन केलं.

नंतर मी प्रत्येक देवस्थानाला पत्र लिहिलं, फोनवर जपानीत भाषांतर करून आणि ऑफिसातल्या ओळखीच्या, जपानी येणाऱ्या एका माणसाकडून तपासून घेऊन. टपालाने घेतात का, विचारलं. बहुतेकांनी हो कळवलं. दोघांनी नियमात बसत नाही म्हटलं, तिथे मी पुढच्या वर्षी सुट्टी मागून स्वतः गेले. सुट्टी मागायला या वेळी जीभ अडली नाही.

अब्बांनी सांभाळलेल्या एकतीस ताविजांपैकी एकोणतीस त्यांच्या त्यांच्या देवळात परत गेले. उरलेल्या दोन पिशव्यांवरची नावं अजून कुणाला वाचता आलेली नाहीत.