पाहुणे आले आणि गाव गेला

माझ्या ताईने घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी सजवायला घेतल्या, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "पैशे दिवन आपल्या घरात जेवक कोण येतलो?"

प्रश्न रास्त होता. त्या घरात तोवर जो आला तो फुकट जेवून गेला होता, आणि त्यात माझा वाटा मोठा होता.

ताईचं सासर सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, नांदगाव स्टेशनपासून जीपने तासभर. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला सासऱ्यांचा स्वभाव. मागच्या खोल्यांत काजूबियांची पोती असत. ताईने ती हलवली, खाली निळ्या लाद्या घातल्या, डोंगराकडे एक खिडकी काढली आणि सावंतवाडीहून कमोड मागवला. टेम्पोत फुटेल म्हणून तो मी मांडीवर घेऊन गेलो. कसालला चहाला उतरलो तेव्हाही तो हातातच होता. हॉटेलवाल्याने त्याला वेगळी खुर्ची दिली.

सासऱ्यांनी अट घातली. "पयलो पावणो हसत गेलो तर जागा तुझी. तोंड वाकडा करून गेलो तर माझी काजी परत भितर."

हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नव्हता. गावात त्यांना लग्न जुळवायच्या बैठकीला बोलवत नसत. त्यामुळे अट म्हणजे अट, हे ताईला माहीत होतं. लग्नानंतर बावीस वर्षांनी त्या घरात तिने स्वतःच्या मनाने केलेली ही पहिली गोष्ट होती. मेव्हण्यांनी नेहमीप्रमाणे काही मत दिलं नाही.

पहिलं बुकिंग पुण्याहून आलं. नवरा, बायको आणि चौथीतली मुलगी, जानेवारीत चार दिवस. बाईंनी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा बाथरूमबद्दल विचारलं. अटॅच्ड आहे ना? म्हणजे खोलीतूनच दार आहे ना? म्हणजे बाहेर जावं लागत नाही ना? ताईने तिन्ही वेळा शपथेवर सांगितलं.

सगळी तयारी झाली. फक्त गावपळण राहून गेली.

त्या गावची रीत अशी, की पौषात एकदा देव गावाला उठवतो. मग अख्ख्या गावाने घरांना कुलपं लावायची, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं बरोबर घ्यायची आणि वेशीबाहेर झोपड्या घालून राहायचं. शाळासुद्धा झाडाखाली येते. देव परत जा म्हणेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. तारीख कौलावर ठरते. देवाला प्रश्न विचारायचा, पाषाणाला लावलेला तांदूळ उजवीकडे पडला की होकार. नेमका पाहुणे यायच्या आदल्या दिवसाचा कौल निघाला. ताईने सासऱ्यांना गळ घातली, देवाला पुण्याच्या मंडळींचं सांगून बघा. ते प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी सगळं सांगितलं, बाथरूमसकट. तांदूळ तरीही उजवीकडेच पडला.

मी पोचलो तेव्हा ताई ओढ्यापलीकडे झोपडीत चूल मांडत होती.

"रे, फोन करून सांग त्यांका, येव नको म्हणून," ती म्हणाली.

"गाडीत बसली असतली ती. मी आणतंय. तू काळजी करू नको."

"तू आणतंय म्हणतंस, त्याचीच काळजी."

नांदगावला तिघंही कोऱ्या बॅगांसह उतरली. जीपमध्ये मी सुरुवात केली. हा योग वर्षातून एकदाच येतो, खोलीत काय कोणीही राहतं, तुमच्यासाठी मात्र आम्ही अख्ख्या गावाला माळावर मुक्कामी बोलावलंय, पुण्यातून हा मान मिळालेले तुम्हीच पहिले. मुलगी खूश झाली. नवरा मोबाइलला रेंज शोधत होता.

"आणि बाथरूम?" बाई म्हणाल्या.

"अटॅच्ड. सगळ्यालाच अटॅच्ड."



माळावर पोचलो. साठेक झोपड्या, तेवढ्याच चुली, गुरांचं हंबरणं. सासरे बैल बांधत होते. बाईंनी थेट त्यांनाच गाठलं. "आजोबा, हे सगळं आमच्यासाठी केलंय?"

"नाय," सासरे म्हणाले. "तुमच्यासाठी कोण करता? देवान गाव उठवलो. घराक कुलूप आसा." आणि हनुवटीने मला दाखवून म्हणाले, "ह्यो खोटा सांगता. ह्येका सवय आसा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या सकाळी आम्हाला स्टेशनवर सोडा."

ताई मला झोपडीमागे घेऊन गेली. "खरा सांगलं असतंस तर निदान रागान तरी गेली नसती. आता माझी खोली गेली, मेल्या. तुझ्या नाटकापायी गेली." ती रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

दुपारी कुळथाची पिठी आणि भात झाला. बाई रागातच दोनदा भात घेऊन जेवल्या. जेवण झाल्यावर मेव्हणे उठले, कोयता घेतला आणि दिसेनासे झाले. मतभेद झाले की ते असेच जातात, म्हणून कोणी शोधलं नाही. तासाभराने पाहुण्यांना दिलेल्या झोपडीच्या मागच्या बाजूला ठोकाठोक ऐकू आली. त्यांनी बांबू रोवून चारी बाजूंनी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले होते, खाली ओढ्यातला सपाट दगड, पलीकडे खड्डा आणि त्यावर दोन फळ्या, एका खांबाला आरसा, बादलीत कढत पाणी. मग झोपडीचा मागचा झाप कापून त्यांनी आतूनच दार काढलं आणि बाईंना म्हणाले, "अटॅच्ड." त्या दिवसातला त्यांचा तो एकच शब्द.

बाई आत गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर ताई माझा हात इतका घट्ट धरून उभी होती, की मला माझे सगळे गुन्हे आठवले.

बाई केस पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कडी आतून लावायची सोय हवी."

मेव्हण्यांनी सुंभाची कडी केली. तोवर शेजारच्या झोपड्यांतल्या बायका बघायला जमल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या ओळीतल्या पाच नवऱ्यांना कामं लागली. बाई प्रत्येक ठिकाणी जाऊन उतार बरोबर आहे का ते सांगत होत्या. स्टेशनचा विषय कोणी काढला नाही. सकाळी जीप आली होती, पण मुलगी आंब्याखालच्या शाळेत बसली होती. चौथीत दोनच मुलं होती; ही तिसरी आल्यावर शाळेतल्या शिक्षिकाबाईंना वर्ग भरल्यासारखा वाटला आणि त्या मुलीला सोडायला तयार होईनात. दुसऱ्या दिवशीची प्रार्थना तिलाच सांगायची होती.

चार दिवस असे गेले. नवऱ्याला रेंज मिळाली नाही आणि त्याने विचारणंही बंद केलं. चौथ्या दिवशी परतीचा कौल लावला. देवाने अजून दोन दिवस मागितले. पाहुण्यांची गाडी मात्र त्याच दुपारची होती.

ताई सासऱ्यांना म्हणाली, "हसत चालली ती. बघितलात मां?"

"हसतत ता खरा," सासरे म्हणाले. "पण खोलीत खंय रवली? झोपडीक हसली. झोपडी माझ्या झिलान बांधली."

ते खरंच होतं, झोपडी मेव्हण्यांनीच बांधली होती. बाई बॅग उचलायला वाकल्या तशी ताई त्यांना हाताला धरून ओढ्याच्या काठावर घेऊन गेली. समोर वेस, पलीकडे झाडांतून घराचं कौलारू छप्पर दिसत होतं.

"त्या माडाच्या डावीकडची खोली तुमची होती," ताई म्हणाली. "लाद्या निळ्या आहेत. मी निवडल्या. खिडकी मुद्दाम बसल्यावर डोंगर दिसेल एवढी खाली घेतलीय. गवंडी नाही म्हणत होता. सकाळी ऊन आधी पलंगाच्या पायथ्याशी येतं, मग हळूहळू वर चढतं. उठायची घाई नसली तर ते तोंडावर येईपर्यंत झोपता येतं. मी झोपून बघितलंय."

बाईंनी माडाच्या डावीकडचं छप्पर नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "मे महिन्यात आठ दिवस येऊ. हीच खोली आम्हाला ठेवा."

चार दिवस प्रत्येक वाक्याला "चालेल ना?" जोडणारी माझी बहीण पदर खोचत म्हणाली, "मेचं आत्ताच नाही सांगता येणार. खूप मागणी असते. बघून कळवते."

मी खोकलो. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोणाला विचारायचं हे चार दिवसांत त्यांना पुरतं कळलं होतं. त्या मागे वळल्या, तिथे सासरे बैलाला पाणी पाजत उभे होते.

"खरंच का हो आजोबा? एवढी मागणी असते?"

सासऱ्यांनी बैलाकडे बघितलं. ओढ्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"व्हय," ते म्हणाले. "रोज फोन येतत. माका दुपारची झोप नाय."