नेरेइदाची वीज जाता जाईना

आमच्या डोंगरावर वीज कधी जाईल याचा नेम नाही. पण माझी भाची नेरेइदा तिच्या जाण्याकडे डोळे लावून बसली आणि वीज मेली जायचं नावच घेईना.

मायाग्वेस शहरातल्या विद्यापीठात संशोधनाची एकच जागा होती. महासंगणकावर काम, वर विद्यावेतन. नेरेइदाने त्यासाठी आमच्या वाडीपुरता एक प्रोग्रॅम लिहिला होता. छपरांवरच्या सोलर पॅनेलची आणि बॅटऱ्यांची वीज कुठल्या घराला कधी, किती द्यायची हे तो आपलं आपण ठरवायचा. प्रोफेसर इरिसारींची अट एवढीच, की बाहेरची वीज खरोखर गेल्यावर तो चालतो हे शुक्रवारपर्यंत दिसलं पाहिजे. स्वतः बटण बंद करून दाखवलेलं चालणार नाही.

झालं, आठवडाभर वीज ठणठणीत. वाडी खुशीत आणि नेरेइदा रडकुंडीला. शेजारची दोन्या प्रोवी (दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाने ‘बाई’) देवाचे आभार मानत मेणबत्ती लावायची, ही मागून जाऊन फुंकर मारायची.

"मामा, निदान एखादं वादळ?"

"तुझ्या संशोधनापायी माझं छप्पर उडवतेस होय? कॉफी पी गुमान."

खरं सांगतो, मनातून मीही वीज कंपनीला शिव्या घालत होतो. वीज आहे म्हणून शिव्या, जन्मात पहिल्यांदा.

शुक्रवारी प्रोफेसर स्वतः आले. संध्याकाळ झाली तरी काही घडेना. कॉम्प्युटरसमोरून नेरेइदाला मीच ओढून जेवायला बसवलं. दोन्या प्रोवीने केळीच्या पानांत बांधून उकडलेले गरमागरम पास्तेलेस वाढले. पंखा फिरतोय, रेडिओ गातोय. पानांच्या पुड्या उलगडत आम्ही सगळे जेवलो.

"निघतो पोरी," प्रोफेसर हात पुसत म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू." नेरेइदाने मान खाली घातली.

तेवढ्यात समोरच्या डोंगरावर एकच गलका झाला. "आली! वीज आली!" वीज परतली की आमच्याकडे घराघरांतून असंच ओरडतात.

"आली?" प्रोफेसर दारातच थबकले. "पण गेली कधी?"

नेरेइदा आतल्या खोलीत कॉम्प्युटरकडे धावली. बाहेर आली ती उड्या मारतच. "आपण जेवायला बसलो तेव्हाच. मामा, पंखासुद्धा अडखळला नाही."

प्रोफेसर इतके हसले की त्यांना परत खुर्चीत बसावं लागलं. "जागा तुझी," ते म्हणाले. मग मी दुखऱ्या गुडघ्यांनिशी नाचलो, अगदी टेबलाभोवती.

एकटी दोन्या प्रोवी फुरंगटली होती. "त्यांना ओरडायला मिळालं. आम्हीच काय पाप केलं?"

नेरेइदा उठली आणि तिने बॅटऱ्यांसकट अख्ख्या वाडीचं मुख्य बटण खाली ओढलं. मिट्ट काळोख. घराघरांतून शिव्या. मग तिने ते वर केलं आणि वाडी अशी ओरडली की कुत्री बिथरली. दोन्या प्रोवी ओरडली, प्रोफेसर ओरडले. मी खिडकीतून ओरडलो, "आमच्या पोरीला जागा मिळाली!" समोरच्या डोंगराला काय ऐकू गेलं कोण जाणे, पण तिकडूनही सगळे पुन्हा ओरडले.