भुकटी, उंदीर आणि धाकटा भाऊ

विज्ञान आणि कायदा एकत्र आले की सत्याला लपायला जागा उरत नाही, असं मी पोलीस खात्यातून निवृत्त होताना निरोप समारंभात म्हणालो. टाळ्याही पडल्या. ज्या तपासावरून ते वाक्य सुचलं तो मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्यात कायदा हात चोळत बसला होता आणि विज्ञानाकडे पांढरे उंदीर होते.

खबर वडीगोद्रीजवळच्या एका ढाबेवाल्याने दिली. समाजाच्या काळजीने खबर देणारा माणूस मी क्वचितच पाहिला. याचा धंदा बसला होता.

"साहेब, ड्रायव्हर लोक समोरच्या दुकानातून पुडी घेऊन राह्यले, अन् मंग जेवतच न्हाईत. चहा बी न्हाई. नुसती गाडी हाणतेत."

समोरचं दुकान बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं. पंचांसमक्ष झडती घेतली. गल्ल्यामागच्या डब्यात पांढऱ्या भुकटीच्या पुड्या सापडल्या. वजन, सील, सह्या, सगळं रीतसर झालं. कोठडीत दुकानदार एकच पाठ म्हणत राहिला.

"उंदराचं औषध हाये साहेब."

"ड्रायव्हर उंदराचं औषध कशाला घेतील?"

"गाडीत लई उंदरं हायेत त्यांच्या."

घाबरून खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो. हा वाढवत नव्हता. त्याला कोणीतरी नीट पढवलं होतं.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला: पदार्थ कृत्रिम आहे, नवा आहे, बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीत नाही. दुकानदार जामिनावर सुटला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची, एवढी अट. न्यायालयाच्या परवानगीने आम्ही नमुना एका औषधनिर्माण महाविद्यालयात पाठवला. तिथल्या एक प्राध्यापक बाई अशा नव्या नशिल्या पदार्थांनी उंदरांचं वागणं कसं बदलतं ते तपासत. वरिष्ठांनी पत्रकारांपुढे याला 'तपासाचं नवं पर्व' म्हटलं. मी बघायला गेलो तेव्हा ते पर्व प्लास्टिकच्या एका चौकोनी खोक्यात होतं.

साधं पाणी दिलेला उंदीर कडेकडेने हिंडला, थांबला, अंग चाटून साफ केलं, दाणा खाल्ला, झोपला. भुकटी दिलेला एकाच दिशेने गोल फिरत राहिला. मध्येच थांबून तोच कोपरा हुंगायचा, की पुन्हा सुरू. दाण्याला तोंड लावलं नाही.

"मेले किती?" मी विचारलं.

"एकही नाही. हे मारायचं औषध नाही," बाई म्हणाल्या. "पण माणसात काय होईल ते उंदरावरून छातीठोक सांगता येत नाही. आम्ही वागणं टिपतो."

छातीठोक काहीच न सांगणारे अहवाल वाचण्यात माझी हयात गेली होती.

बाईंनी अहवालासोबत दिलेलं चित्रीकरण सोमवारी दुकानदाराला दाखवलं. "तुझं औषध खाऊन उंदीर मरत नाहीत. मग फसवणुकीचा गुन्हा लावू?"

"लावा की," तो हसला. मग पडद्याकडे बघत राहिला आणि हसू मावळलं.

"हे थांबतं कवा, साहेब?"

"का?"

"धाकटा भाऊ आमचा. दावणीभोवती असाच फिरून राह्यलाय. जेवत न्हाई, झोपत न्हाई. आईनं देवऋषी केला. आम्हाला वाटलं, बाहेरची बाधा हाये. दुकानात तोच बसायचा. डब्यात काय हाये ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यानं पुड्या घरी बी नेल्या असतील."

मी पुरवठादाराचं नाव विचारलं. तो उठून उभा राहिला. "आधी दवाखाना. मंग नाव."

दुकानदाराला घेऊन जीप काढली. धाकटा आधी हवालदाराच्या अंगावर धावून आला, मग त्याच्याच खांद्यावर रडला. जालन्याच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या हातात बाईंचा अहवाल ठेवला. "काय घेतलंय ते कळलं, बरं झालं. मेंदूज्वर समजून बसलो असतो," ते म्हणाले. "वाचंल का?" थोरल्याने विचारलं. डॉक्टर सलाईन लावत राहिले. थोरला बाहेर येऊन बाकावर बसला आणि मी न विचारता त्याने पुरवठादाराचं नाव सांगितलं.

पुरवठादार सापडला. पुढे बाजारात दुसरी भुकटी आली, जराशी बदललेली, आणि बाईंनी पुन्हा उंदीर मागवले. मी शिकलो ते एवढंच की दरडावून जे निघालं नाही, ते माणसाला स्वतःच्या घरात काय चाललंय हे दिसल्यावर आपोआप निघालं. ही रीत प्रशिक्षणात शिकवत नाहीत, कारण ती ठरवून वापरता येत नाही.

निवृत्तीनंतर अंबडच्या बाजारात त्या दोघांची आई भेटली. धाकट्याची चौकशी केली.

"आता झोपतो तर दुपार होस्तोवर उठत न्हाई, साहेब. थोरला एकटाच राबून राह्यलाय. याला आत टाकता येतं का थोडे दिवस?"

आळसाला आपल्या कायद्यात शिक्षा नाही. तसं मी त्यांना सांगितलं.